"नदी आपोआप शुद्ध होते" म्हणणाऱ्यांसाठी सीनेचं साधं गणित

थोडं मोठं आहे. पण नगरकर असाल, किंवा सीनेच्या खालच्या अंगाला तुमचं गाव असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

परवा एका बैठकीत बसलो होतो. विषय होता सीना नदी. दोन-तीन जणांनी तक्रारी मांडल्या: वास, डास, जलपर्णी, काळं पाणी. त्यावर एक जबाबदार गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, नदी वाहती असते. निसर्गात ती ताकद आहे. चार-पाच किलोमीटर पुढे गेलं की पाणी आपोआप शुद्ध होतं." झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला.

मी काही बोललो नाही, त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून ही पोस्ट.

हे वाक्य साफ खोटं असतं तर सोपं होतं. ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते गेली पन्नास वर्षं कामाला येतंय. नाल्याचं तोंड नदीत सोडायचं असलं की हेच वाक्य, शुद्धीकरण केंद्र बंद असलं की हेच वाक्य, कारखान्याचं रंगीत पाणी दिसलं की पुन्हा हेच. तेव्हा खरं किती आणि खोटं किती, हे एकदा नीट बघू.

खरं किती?

नदी घाण पचवते, हे खरं आहे. कशी पचवते? सांडपाण्यात आपलं मलमूत्र, खरकटं, साबणाचा फेस असतो. नदीतले जिवाणू त्यातला सेंद्रिय भाग खातात. खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो, तो ते पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमधून घेतात. जड गाळ खाली बसतो. उन्हाने रोगजंतू मरतात. खळाळत्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन पुन्हा मिसळतो. शेवाळं आणि पाणवनस्पती दिवसा थोडा ऑक्सिजन देतात. घाण थोडी आणि चांगलं पाणी भरपूर असेल, तर काही अंतरावर नदी खरंच सावरते.

हे मोजण्याचं शास्त्रही जुनं आहे. १९२५ साली अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी त्याचं समीकरण मांडलं. घाण पाणी मिसळल्यावर ऑक्सिजन कसा खाली जातो, कुठे सगळ्यात कमी होतो आणि पुढे कसा वर येतो, याचा तो आलेख. आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना तो शिकवतात.

आता या आलेखातली गंमत बघा. ऑक्सिजन सगळ्यात कमी नाल्याच्या तोंडाशी नसतो, तो पुढे काही अंतरावर असतो. कारण जिवाणूंना खायला वेळ लागतो. म्हणजे ज्या "चार-पाच किलोमीटर पुढे" नदी शुद्ध होते असं साहेब सांगतात, तिथे ती नाल्याच्या तोंडापेक्षाही जास्त गुदमरलेली असू शकते. शास्त्राच्या नावाने शास्त्राच्या बरोबर उलटं सांगितलं जातंय.

आता गणित

सांडपाणी किती घाण आहे हे मोजायला "बीओडी" नावाचं माप आहे. एक लिटर पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, तो आकडा. आंघोळीच्या लायक नदीसाठी बीओडी ३ पेक्षा जास्त नको आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ पेक्षा कमी नको, असा आपल्याकडचा निकष आहे. शहराच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. आपण कमीतला कमी, २०० धरू.

आपल्याकडच्या हवामानात स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन मावून मावून किती मावतो? लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात त्याहून कमी.

म्हणजे एक लिटर गटाराचं पाणी २५ लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. मासे जगवायचे असतील, म्हणजे ऑक्सिजन ५ च्या खाली जाऊ द्यायचा नसेल, तर ८ मधले फक्त ३ च वापरता येतात. मग एका लिटर गटाराला जवळजवळ ६७ लिटर स्वच्छ पाणी लागतं.

आता हे नगर शहराला लावा. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या साडेतीन लाख होती. आज नक्कीच जास्त आहे, पण जुनाच आकडा धरू, म्हणजे कुणी फुगवलं म्हणणार नाही. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, हा सरकारी हिशेब. माणशी १०८ लिटर. साडेतीन लाखांचं झालं रोजचं पावणेचार कोटी लिटरच्या वर. त्याला ६७ ने गुणा. रोज अडीचशे कोटी लिटर स्वच्छ पाणी. वर्षाचं केलं तर ३२ टीएमसीच्या वर जातं.

मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी आहे.

परत वाचा. नगरचं कच्चं सांडपाणी सीनेने "आपोआप" पचवावं आणि तिच्यात मासाही जगावा असं वाटत असेल, तर दरवर्षी सव्वा मुळा धरण सीनेत ओतावं लागेल. हे गणित ढोबळ आहे, हवेतून नव्याने मिसळणारा ऑक्सिजन मी यात धरलेला नाही. तो धरला तर आकडा कमी होईल. निम्मा करा, पाव करा. पाव केला तरी ८ टीएमसी. एवढं पाणी सीनेत कोण सोडणार आहे?

सीनेकडे पाणी आहेच कुठे?

इंग्रजांनी सांडपाण्यासाठी रॉयल कमिशन नेमलं होतं. १९१२ सालच्या त्यांच्या अहवालात सांडपाण्याचा प्रसिद्ध निकष आला: बीओडी २०, गाळ ३०. जगभर तो वापरला गेला. पण त्याला एक अट होती, ती आपण सोयीने विसरलो. अट अशी, की ज्या नदीत हे शुद्ध केलेलं सांडपाणी सोडायचं, तिच्यात त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहतं पाहिजे. आणि हे थंड हवेच्या, बारमाही नद्यांच्या देशात.

आपली सीना कशी आहे? नगरच्या पश्चिमेला जामगावच्या बाजूने एक आणि जेऊरच्या बाजूने एक, अशा दोन प्रवाहांची ही नदी. पर्जन्यछायेचा मुलूख. पावसाचे चार महिने सोडा, त्यातलेही खरे पावसाचे दिवस मोजके. दिवाळीनंतर नेप्ती नाक्याजवळ पुलावर उभं राहून खाली बघा. जे वाहताना दिसतं ती नदी नाही, ते आपल्याच घरातलं पाणी आहे. तुमच्या मोरीतलं, माझ्या संडासातलं. आठपट सोडा, एकपटही स्वच्छ पाणी त्यात नाही. शून्य गुणिले निसर्गाची ताकद म्हणजे किती, ते तिसरीतलं पोरगंही सांगेल.

आणि तरी कुणी म्हणेल, "वाहत वाहत पुढे जाऊन शुद्ध होईलच की." ठीक. पाठ्यपुस्तकातला नेहमीचा वेग धरून हिशेब केला, तर आपल्या उन्हाळ्याच्या तापमानाला बीओडी २०० वरून ३ वर यायला ११-१२ दिवस लागतात. पाणी सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने वाहत असेल तर तेवढ्या दिवसांत ते २०० किलोमीटर जातं. म्हणजे नगर जिल्हा मागे पडून पाणी सोलापूर जिल्ह्यात पोचलेलं असेल. तेही कधी? वाटेत ऑक्सिजन पुरत राहिला तर, आणि पुढच्या एकाही गावाने आपला नाला त्यात सोडला नाही तर. प्रत्यक्षात वाटेत बंधारे आहेत, डोह आहेत, पाणी तुंबतं. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात, त्यांना ऑक्सिजन लागत नाही. त्यांच्या कामातून सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पाणी काळं पडतं. कल्याण रोडवरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो ना, तो वास म्हणजे नदीची पचनशक्ती कधीच संपलीय याची पावती आहे.

जे पचतच नाही त्याचं काय?

नदी पचवते ते फक्त सेंद्रिय. शिसं, क्रोमियम, निकेल हे कुठलाच जिवाणू खाऊन संपवत नाही. ते गाळात बसतं आणि पूर आला की उठून पुढच्या गावात जातं. मीठ पचत नाही. पाणी आटलं की क्षार वाढतात, काठच्या जमिनी पांढऱ्या पडतात. प्लास्टिक पचत नाही. साबणातलं फॉस्फरस पाण्यातच राहतं आणि जलपर्णीला खत होतं. जलपर्णी पसरली की खालच्या पाण्याला ऊनही मिळत नाही आणि हवाही.

अमोनियाची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. सांडपाण्यातल्या एका मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तीन दिवसांच्या नेहमीच्या बीओडी तपासणीत हा खर्च बराचसा दिसतच नाही. म्हणजे मी वर मांडलेलं गणितसुद्धा नदीच्या बाजूने नाही, आपल्याच बाजूने झुकलेलं आहे.

आणि नागापूरला एमआयडीसी आहे, जिल्हाभर साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आहेत. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा बीओडी शेकड्यात नसतो, ४०-५० हजारांत असतो. कायद्याने त्याचा एक थेंबही नदीत जायला नको. एखादा टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तर नदीची ताकद वगैरे बोलायला कुणी उरत नाही. मासे सकाळी उताणे दिसतात, तेव्हा कळतं.

रिपोर्ट "ओके" कसा येतो?

"पण आमच्याकडे तपासणीचे रिपोर्ट आहेत" असं उत्तर मिळतं. असतील. नदी किती सावरली हे मोजताना चार ठिकाणी गफलत होऊ शकते. मुद्दाम असो की अज्ञानाने.

एक, वेळ. हिरवं शेवाळं असलेल्या पाण्यात दुपारी उन्हामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो. रात्री तेच शेवाळं ऑक्सिजन घेतं. पहाटे तो तळाला जातो. मासे मरतात ते पहाटे. सॅम्पल घेणारी गाडी येते अकरा-बारा वाजता. दुपारी मोजलेला ऑक्सिजन म्हणजे जेवण झाल्यावर भिकाऱ्याला "पोट भरलंय का" विचारण्यासारखं आहे.

दोन, जागा. वर सांगितलं तसं, सगळ्यात वाईट स्थिती नाल्यापासून पुढे असते. एकाच पुलावरून एक बाटली भरून नदीची तब्येत कळत नाही. शहराच्या वर एक, नाले मिसळल्यावर एक, आणि पुढे दर काही किलोमीटरवर एक अशी रांग लागते. वरचा आकडाच नसेल तर नदी "सावरली" म्हणजे कशाच्या तुलनेत?

तीन, ऋतू. ऑगस्टमधलं सॅम्पल आणि एप्रिलमधलं सॅम्पल यांची सरासरी काढली की आकडा देखणा होतो. पण मासा सरासरीत जगत नाही. एप्रिलमधला एक दिवस तो मेला की मेला.

चार, काय मोजलं. बीओडी, ऑक्सिजन, सामू मोजला आणि विष्ठेतले जिवाणू मोजलेच नाहीत, गाळातले धातू मोजलेच नाहीत, तर रिपोर्ट अर्धाच आहे. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये अशा जिवाणूंची मर्यादा जास्तीत जास्त २५०० आहे. कच्च्या सांडपाण्यात हा आकडा दहा लाखांपासून कोटींपर्यंत असतो.

यंत्राशिवायही नदी स्वतःचा रिपोर्ट देते. तळाच्या चिखलात नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक लाल किडे वळवळताना दिसले, तर तिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही. दगड उलटून खाली तीन शेपट्यांचे छोटे किडे दिसले, तर पाणी बरं आहे. आमच्या गावाकडची म्हातारी माणसं पाणी बघून, हुंगून, मासे बघून सांगायची. त्याला कुणी रिपोर्ट म्हणत नसे, एवढाच फरक.

"पुरात धुऊन जाते की"

हा पुढचा युक्तिवाद. कल्याण रोडच्या पुलावर पाणी आलं की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतात, "सीनामाई स्वच्छ झाली". अहो, धुतली गेली म्हणजे घाण गेली कुठे? आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या दारात ढकलला तर त्याला स्वच्छता म्हणतात का? निमगाव गांगर्ड्याला सीना धरण आहे. तळाचा गाळ तिकडे जातो आणि बसतो. तिथल्या पाण्यावर जगणारी माणसं नाहीत का?

आणि दुसरा, लॉकडाऊनचा. "२०२० मध्ये बघा, सगळं बंद होतं तर नद्या कशा निर्मळ झाल्या." काही ठिकाणी झाल्या, मान्य. पण त्यातून सिद्ध काय होतं? घाण सोडणं बंद केलं तर नदी सावरते, हे. घाण सोडत राहिलो तरी सावरते, हे नाही. हे उदाहरण देणारे स्वतःच्याच विरोधात साक्ष देतात. शिवाय त्या काळात बंद होते ते कारखाने. संडास कुठे बंद होते? जिथे शहराचं सांडपाणी हाच मुख्य प्रश्न आहे, तिथे लॉकडाऊनने फारसं काही बदलायचं कारणच नव्हतं.

खालच्या शेतकऱ्याचं काय?

आता एक अडचणीचा मुद्दा, तो टाळणार नाही. आमचे एक नातेवाईक नदीकाठच्या गावात शेती करतात. मी त्यांच्यापुढे हे सगळं बोललो तर ते हसून म्हणाले, "तुझं बरोबर आहे रे, पण हे गटाराचं पाणी बंद झालं तर उन्हाळ्यात माझी मोटर कशावर चालायची? सीनेला पाणी आहे तेच तुमच्या शहराच्या मोरीमुळे."

खरं आहे ते. त्यांच्या घासाला, मक्याला, भाजीला हेच पाणी. गुरांनाही हेच. विहीर काठावर, तिलाही हाच पाझर. पिण्याला जार विकत. म्हणजे आपण घाण फुकट सोडतो आणि त्याची किंमत ते दर महिन्याला जारवाल्याला, जनावरांच्या डॉक्टरला, स्वतःच्या डॉक्टरला देतात. निसर्ग फुकटात शुद्धीकरण करतो असं आपण म्हणतो, पण बिल नदीकाठचा माणूस भरतो.

आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे. शुद्ध केलं म्हणून पाणी कमी होत नाही. आज कोट्यवधी लिटर काळं पाणी जातं, उद्या जवळपास तेवढंच शुद्ध केलेलं जाईल. बीओडी २०० चा १० वर आणला, तर वर काढलेली ३२ टीएमसीची गरज दीड-पावणेदोन टीएमसीवर येते. मग नदी खरंच उरलेलं काम स्वतः करू शकते. निसर्गाची ताकद शेवटच्या पाच टक्क्यांसाठी असते. आपण तिच्यावर शंभर टक्के टाकतो आणि मग निसर्गाचं कौतुक करतो.

नाशिकला शिव्या, चौंडीला काय?

आपल्याच जिल्ह्यात कोपरगाव आणि पुणतांब्याला गोदावरी नाशिककडून येते. तिच्या पाण्याबद्दल आपण काय बोलतो? "नाशिकवाल्यांनी घाण केली, भोगायची आम्ही." कुंभमेळा जवळ आला की तर जास्तच. बरोबरच बोलतो.

मग सीनेच्या खाली कोण आहे? चौंडी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं जन्मगाव, सीनेच्या काठी. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. २०२५ मध्ये त्यांची ३०० वी जयंती झाली, ६ मे रोजी अख्खं मंत्रिमंडळ चौंडीत बैठकीला येऊन गेलं. ज्या बाईंनी काशीपासून महेश्वरपर्यंत घाट बांधले, नदीपर्यंत माणसाला मानाने उतरता यावं म्हणून, त्यांच्या नावाचं शहर त्यांच्याच माहेरच्या नदीत रोज काय सोडतं? नाव बदलायला एक निर्णय लागला. नदीकडे बघायला किती लागणार आहेत?

मी नावाच्या वादात पडत नाही. ज्यांना नवं नाव प्यारं आहे त्यांनी तर हा प्रश्न पहिला उचलला पाहिजे. ज्यांना जुनं प्यारं आहे त्यांनीही. १४९० मध्ये मलिक अहमदने शहर वसवायला जागा निवडली ती सीनेच्या काठची. निजामशाहीने कापूरवाडीपासून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं, त्याचे उच्छ्वास अजून काही ठिकाणी उभे आहेत. पाणी शहरात आणण्याची अक्कल पाचशे वर्षांपूर्वी होती. वापरलेलं पाणी नीट बाहेर सोडण्याची अजून येत नाही.

नदीचे हातपाय तोडून "पोह" म्हणणं

आणि नदीची जी काही ताकद होती ती तरी शिल्लक ठेवली का? वाळू म्हणजे नदीचं फिल्टर. वाळूच्या कणांवर जिवाणूंचा थर असतो, पाणी त्यातून झिरपताना शुद्ध होतं. प्रवरा, मुळा, गोदावरी, सीना, कुठलीही घ्या. रात्रीचे डंपर कुणी पाहिले नाहीत? फिल्टर विकून खाल्लं. प्रवरेला भंडारदरा आहे, निळवंडे आहे, ओझरच्या बंधाऱ्यावरून पाणी कालव्यात वळतं. शेतीला हवंच ते, पण आवर्तन नसताना खालच्या पात्रात काय उरतं? जे गावं सोडतील ते. नेवाशाला जिच्या काठी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती हीच प्रवरा.

कायद्याचंही तेच. कारखाने नदीपासून ठराविक अंतरावर असावेत म्हणून राज्यात नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं. २०१५ मध्ये ते रद्द केलं. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले गेले, त्यात सगळ्यात जास्त, ५५, आपल्या महाराष्ट्रात. "आपोआप" चा हा निकाल आहे.

मग नदी सावरतच नाही का?

सावरते! हेच तर सांगायचंय. लंडनची थेम्स १८५८ मध्ये इतकी नासली होती की वासाने पार्लमेंट चालेना. पुढे गटारं बांधली, तरी १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचा शहरातला भाग मेलेला आहे असं सांगितलं. मग सांडपाण्याची केंद्रं वाढवली, सुधारली. १९७४ मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. थेम्स सावरली, पण आधी माणसाने घाण थांबवली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपण, मग निसर्ग.

आता मागणी. साधी, मोजता येईल अशी.

१. सीनेची तपासणी शहराच्या वर, शहरात आणि खाली निमगाव गांगर्ड्यापर्यंत किमान पाच ठिकाणी व्हावी. महिन्यातून एकदा तरी पहाटे. एप्रिल-मेचे आकडे वेगळे छापावेत, सरासरीत पुरू नयेत.

२. शहरात रोज किती सांडपाणी तयार होतं, त्यातलं किती केंद्रापर्यंत पोचतं, किती शुद्ध होऊन बाहेर पडतं, हे तीन आकडे दर महिन्याला जाहीर करा. केंद्राची क्षमता सांगू नका. क्षमता कागदावर असते. केंद्राचं वीजबिल दाखवा. मोटर चालली की नाही हे बिल सांगतं.

३. नदीत मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला नंबर द्या, नकाशा लावा. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. नाल्याचं मूळ मात्र विचारलंच पाहिजे.

४. गाळाची आणि काठच्या विहिरींची धातूंसाठी, नायट्रेटसाठी वर्षातून दोनदा तपासणी. रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत.

५. आपल्या कॉलेजांच्या केमिस्ट्री आणि झूऑलॉजी विभागांनी एक एक टप्पा दत्तक घ्यावा. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ ची आहे, बीएस्सीची पोरं प्रॅक्टिकलला करतातच. बाटलीत नळाच्या पाण्याऐवजी सीनेचं पाणी भरायचं, एवढाच फरक.

यातलं एकही काम अशक्य नाही, आणि पहिल्या तीनला तर फारसा पैसाही लागत नाही. लागते ती लाज.

आणि हो, आपणही. नदीपात्रातल्या प्लॉटवर घर घेताना, गच्चीवरून कॅरीबॅग फेकताना, सेप्टिक टँकची गाडी कुठे रिकामी होते हे न विचारताना, आपणही तेच म्हणत असतो: "जाईल वाहून." वाहून जात नाही मंडळी. कुणाच्या तरी विहिरीत जातं.

पुढच्या बैठकीत कुणी "नदी आपोआप शुद्ध होते" म्हणालं, तर एकच विचारा: "किती किलोमीटरवर, कुठल्या महिन्यात, पहाटे की दुपारी, आणि आकडा किती?" उत्तर आलं तर मला कळवा, मी जाहीर माफी मागेन. नाही आलं, तर मान डोलावू नका. मी या वेळी डोलावणार नाही.

पटलं तर खालच्या गावांच्या ग्रुपवर टाका. गणितात चूक सापडली तर खुशाल दाखवा, दुरुस्त करतो.